विसळलेली बाटली

"ताई, बाटली विसळू नका, आत औषधाचे थेंब आहेत," पाणी तपासणारा बजावून गेला होता. जुन्या कारखान्याने कचरा पुरलेल्या मैदानालगत प्रत्येक बोअरचं पाणी शिशासाठी तपासायचं होतं. पण तान्हं बाळ असलेली बाई बाटली विसळल्याशिवाय भरेल कशी? तिने उकळत्या पाण्याने लख्ख केली. अहवाल आला: शिसं नाही. माहेरी निघताना तिने शेजारच्या काकूंच्या कानाशी ओरडून सांगितलं, "विकतचं पाणी बंद करा, बोअरचंच प्या!" आज माहेरून तिने फोनवर तपासणाऱ्याला बाटली विसळल्याचं सहज सांगितलं, तर तो म्हणाला, "अहो, थेंब गेले की शिसं बाटलीलाच चिकटतं, तपासात सापडत नाही." "म्हणजे पाणी वाईट?" "तसं म्हणता येत नाही." "मग चांगलं?" "तसंही नाही." काकूंना फोन ऐकूच येत नाही. तुम्ही मैदानाजवळ राहत असाल, तर त्यांचं दार जोरात वाजवून, पुन्हा तपासणी होईपर्यंत बोअरचं पिऊ नका, असं सांगाल का?