नेणाऱ्याने जपावं म्हणून

पाकिटावर बाबांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं : "आत बँकेचं एटीएम कार्ड आहे. कृपया जपून नेणे."

"बाबा, हे कशाला लिहिलंत?"

"मग? आत काय आहे ते कळलं, तरच नेणारा जपेल ना!"

मी कपाळावर हात मारला. त्या खात्यात त्यांची फंडाची सगळी पुंजी होती. नागपूरच्या माझ्या भावाला कार्ड टपालाने पाठवूच नका, हे सांगून सांगून माझा घसा बसला होता. निदान पाकीट तरी बदललं, नुसता पत्ता घातला आणि बाबांसोबत पोस्टाच्या रांगेत उभी राहिले.

"पिन आत नाही ना टाकलात?"

"मी काय खुळा आहे?" बाबा दुखावले. "तो फोनवर सांगायचा असतो."

आणि त्यांनी तिथेच फोन लावला. "श्रीरंग, कार्ड निघालं. पिन लिहून घे." भावाला नीट ऐकू येईना, तसा बाबांचा आवाज चढत गेला. मी फोन हिसकावून घेणार, तोच रांगेतल्या एक काकू मदतीला धावल्या आणि फोनजवळ वाकून ओरडल्या, "अरे बाळा, शेवटचा सात! साताऱ्यातला सात!"