कोचच्या हातातला कागद

सलग सातवा सामना हरल्यावर आमचे हेड कोच हॅलोरन यांनी सोमवारी सकाळी अख्ख्या अमेरिकन फुटबॉल संघाला सामन्याचं चित्रण दाखवायला पडद्यासमोर बसवलं आणि एकेकाची बिनपाण्यानं हजामत सुरू केली.

"आपण चेंडू फेकणार की घेऊन पळणार, हे समोरच्यांना आधीच कळतं. का? ड्वेन, फेकायच्या वेळी तू टाच उचलतोस, बैला! ब्रॉडी, तू बोटं चाटतोस. तुमच्यापेक्षा मेंढरं पाळली असती तर बरं झालं असतं. आणि तू रे, नव्या? तू काय दिवे लावणार आहेस?"

दर वर्षी आम्हाला धूळ चारणाऱ्या संघातून गेल्याच आठवड्यात आलेला धिप्पाड टाविटा शांतपणे म्हणाला, "कोच, टाचा नि बोटं आम्ही तिकडे कधी बघितलीच नाहीत."

"मग?"

"चेंडू फेकायचा असला, की डाव सांगताना तुम्ही तोंडापुढे कागद धरता. पळायचं असलं, की धरत नाही."

टाविटानं तितक्याच शांतपणे पुढचंही सांगून टाकलं.

"तिकडे सामन्याआधी सगळे मिळून प्रार्थना करतात, कोच. तुमची नोकरी टिकू दे म्हणून."