चमेलीचा पाय

घोडपदेवच्या कुशाबांची पांढरी घोडी, चमेली, ऐन लग्नसराईत लंगडायला लागली. रविवारी लालबागला वरात ठरलेली. पण कुशाबांना वरातीपेक्षा चमेलीचीच काळजी.

परळच्या जनावरांच्या डॉक्टरांनी कुशाबांना तिला चालवून दाखवायला सांगितलं. "खुरात पू झालाय," ते म्हणाले. औषधाने काही फरक पडला नाही, तेव्हा पुन्हा कुशाबांनाच चालवायला लावलं आणि म्हणाले, "खूर नाही, खांदा आहे." खांदा शेकून झाला, एक्स-रेही स्वच्छ आला. मग डॉक्टर डोकं खाजवत म्हणाले, "बहुतेक कंबर असेल."

"अहो, असं करत करत शेपटीपर्यंत पोचाल!" कुशाबांची बायको राधाबाई वैतागल्या. "द्या तो लगाम इकडे. मी चालवते, तुम्ही नीट बघा."

राधाबाईंबरोबर चमेली झोकात चालली, जराही न लंगडता. कुशाबांनी हरखून लगाम परत हातात घेतला, तर घोडी पुन्हा लंगडायला लागली.

डॉक्टरांनी पहिल्यांदाच घोडीवरची नजर काढून कुशाबांच्या पायांकडे पाहिलं.

"काका, तुमचा गुडघा कधीपासून दुखतोय?"

"दिवाळीपासून. का हो?"

"घोडी ठणठणीत आहे. ती तुमच्या चालीने चालतेय."

राधाबाई फणकारल्या, "एवढी वर्षं संसार केला, मी नाही कधी यांच्या पावलावर पाऊल टाकलं. आणि ही सटवी बघा!"