दारातले बूट

“हे कोणाचे?” पायातल्या बुटांसकट घरात शिरलेल्या जर्मन शिपायाने दाराशी काढून ठेवलेल्या बुटांकडे बोट दाखवलं. मोठे, पुरुषी बूट. त्यांच्यावरचा बर्फ वितळून खाली पाणी साचलं होतं.

माझा नवरा हाल्वर चार महिन्यांनी डोंगरातून लेकीला बघायला आला होता. जर्मनांच्या पुलांखाली सुरुंग लावणारा माणूस, पण आमच्याकडे नॉर्वेत बूट घालून कोणी घरात येत नाही, म्हणून सवयीने ते दारातच काढून बसला. बाहेर गाडी थांबली तसा नुसत्या मोज्यांवर तळघरात उतरला.

“माझेच,” मी म्हटलं. “नवऱ्याचे जुने. सरपण आणायला घालते.”

“एवढे मोठे?”

“मग सांगा तुमच्या साहेबांना, माझ्या मापाचे पाठवा म्हणावं. दुकानात कातडं बघून वर्ष झालं.”

तो हसला नाही. बुटात हात घालून बघायला वाकला. त्याचा हात आत जायच्या आधीच मी लेकीला कडेवर घेतलं आणि दोन्ही पाय आत सरकवले. आत हाल्वरच्या पायांची ऊब अजून तशीच होती. चेहरा कोरा ठेवून, न अडखळता मी अंगणात गेले आणि एका हातात मावतील तेवढी लाकडं घेऊन आले.

“चूल पेटवू? तुम्हीही गारठला असाल.”

तो निघून गेला.

युद्धानंतर हाल्वर सैन्यात गेला. आता कर्नल आहे. अजूनही घरी आला की बूट दारातच काढतो. तो आत वळला की मी हळूच त्यांत पाय घालून बघते.