टाचणीबाहेरचं वलय

“कितीही पाणी प्या, मेली तहान भागतच नाही!” भाची तिसरी बाटली रिचवत कुरकुरली.

“ऊन बाधलंय तुला,” म्हणत मावशीने भिंगाखाली लाकडाची चकती सरकवली. खोडातल्या वलयांवरून जुने दुष्काळ ओळखायचे, हा दोघींचा पोटापाण्याचा उद्योग. हे झाड तोडून वर्षं लोटली होती. त्याच्या शेवटच्या वलयावर मावशीनेच टाचणी खोचली होती.

आज टाचणीबाहेर आणखी एक वलय होतं, सुकाळातलं असावं तसं ऐसपैस. मावशीने बोट लावलं. ओलं लागलं.

तिने घाईघाईने चकती कपाटात कोंबली. “टाचणीच चुकून एक वलय आत खोचली असेल मी.”

“कालही हेच म्हणालीस.” भाचीने हात पुढे केला. पंचविशीतल्या पोरीचा हात, पण म्हातारीसारखा सुरकुतलेला. “मावशी, ते आपल्याला पितंय गं.”