बिनआवाजाचं मशीन

पुण्याहून आलेल्या विक्रेत्याने हिशोबाची दोन मशीनं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एक मोठं, बटण दाबलं की कडकड करत कागदाच्या पट्टीवर आकडे छापायचं. दुसरं पाटीएवढं. त्याच्या काळ्या काचेत हिरवे आकडे उमटायचे, आवाज मुळीच नाही.

दाक्षायणीने मोठ्याचं बटण एकदा दाबलं आणि लगेच मागे पाहिलं. खांब आणि खिडकीचा गज यांमध्ये बांधलेल्या चादरीच्या झोळीत तिची सात महिन्यांची मुलगी हलली. उठली नाही.

"बाई, इंग्रजी तुमालाच येतंय. कंचं घ्यायचं ते तुमीच सांगा," आबासाहेब म्हणाले. चादरींची पेढी त्यांची. मुलीला इथे आणायची परवानगीही त्यांचीच, एका अटीवर: रडली की दोघी घरी.

"लहान," ती म्हणाली. "जागा कमी लागते. कागदाचा खर्च नाही."

"महादेवप्पा, तुमचं काय म्हननं?"

समोरच्या खुर्चीतल्या जुन्या कारकून महादेवप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मला काय कळतंय हो त्यातलं. बाई शिकलेल्या हायत की."

"मग चालवून दाखवा."

चादरी विणणाऱ्या मागवाल्यांना दिलेल्या सुताच्या वजनाच्या चिठ्ठ्या तिने पुढे ओढल्या. हे काम रोज दोघांचं. ती मोठ्याने वाचायची, महादेवप्पा तोंडी बेरीज करत जायचे. आकडा मनात बसला की कानडीत "हूं" म्हणायचे. मग ती पुढचा वाचायची. आजही ती सवयीने मोठ्याने वाचत गेली आणि बटणं दाबत गेली. समोरून सवयीने हूं येत राहिलं.

शेवटची चिठ्ठी संपली. "दोन हजार एकशे चौदा," महादेवप्पा म्हणाले. हिरव्या आकड्यांतही तेच होतं.

"बघा, दोघांचं एकच आलं," विक्रेता हसला.

आबासाहेब हसले नाहीत. "एकच येतंय, तर दोघं कशाला?"

दाक्षायणी मशीनच्या वायरकडे बघत राहिली. महादेवप्पांनी पेनाला टोपण लावलं.

"उद्यापासनं येऊ नको म्हणता?" त्यांनी विचारलं.

"महिना भरा की. घाई न्हाय."

"मग आजच बरं."

त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली. जाताना झोळीला रोजच्यासारखा एक हलका झोका दिला. "लहान घेतलंत ते बरं केलंत, बाई," ते हळूच म्हणाले. "पोरगी झोपतीय."

त्यांच्या वहाणा जिन्यावर वाजत गेल्या आणि ऐकू येईनाशा झाल्या.

विक्रेता मोठं मशीन खोक्यात भरू लागला. दाक्षायणीने चिठ्ठ्यांचा दुसरा गठ्ठा सोडला.

"बहात्तर." बटणं दाबली. हिरवे आकडे उमटले.

"एक्केचाळीस."

समोरून हूं आलं नाही. झोळीत कुरकुर सुरू झाली. आबासाहेबांनी मान वर केली. तिने पायाने झोळीची दोरी ओढली. कुरकुर वाढली.

तिने पुढची चिठ्ठी घेतली.

"अठ्ठावन्न."

ती जरा थांबली. मग आवाज जाड करून, खालच्या पट्टीत म्हणाली, "हूं."

झोळी शांत झाली. तिने पुढची चिठ्ठी उचलली.