नव्या स्टँडचं छत

“माह्या छताले मोटार घासली तर नोकरी सोडीन,” बासष्ट साली उमरखेडच्या नव्या बसस्टँडवर ओव्हरसियर बापूजी गावंडे खात्याच्या मोठ्या साहेबांना म्हणाले. उत्तमसिंग ड्रायव्हरनं खच्चून भरलेली मोटार छताखाली आणली, तेव्हा वर दोन बोटं जागा उरली. बापूजी फुलले. मग माणसं उतरली, हलकी झालेली मोटार वर उठली आणि टपाचं कॅरिअर छताला घट्ट अडकलं.

“मुद्दाम उचलली न तू गाडी?” बापूजींनी डोळे बारीक केले. “कोनं शिकवलं तुले?”

“मी कायले उचलू, साहेब? वजन गेलं, स्प्रिंगा वर आल्या.”

“मंग चढव सारे परत.”

“चढलो का पुन्हा तिकीट फाडसान,” म्हणत प्रवासी पांगले.

शेवटी बापूजी, सगळे गवंडी आणि स्वतः मोठे साहेब आत जाऊन बसले. मोटार चार बोटं खाली आली. मागचं टायर फुटलं होतं.